तिसऱ्या सूचनेआधी

डाव्या हाताच्या करंगळीच्या बाहेरच्या बाजूला, दुसऱ्या पेराच्या थोडा खाली, एक फोड होता. लांबट, सहा मिलिमीटर लांब आणि चार रुंद. आत स्वच्छ पाणी, कडेला लाली जवळजवळ नाहीच. राहेलनं हात खिडकीच्या उजेडात धरून तो पाहिला, मग टेबलावरची पट्टी घेऊन मोजला. मोजणं ही तिची सवय होती आणि सवयीनं केलेल्या गोष्टीला धीर लागत नाही. फोड भाजल्याचा होता. स्पिरिटच्या दिव्यावर स्लाइड शेकताना डावा हात दिव्याशेजारी टेकवायची तिची पद्धत होती, अकरा वर्षांची. भाजलं केव्हा ते तिला आठवेना. मग तिच्या लक्षात आलं की आठवेना हा शब्दच चुकीचा आहे. आठवायला ते आधी कळलेलं असावं लागतं.

जानेवारीतला सोमवार होता. मिरजेतल्या त्या मिशनच्या महारोग्यांच्या दवाखान्यात सोमवारी गर्दी असायची. दुष्काळाच्या दोन वर्षांत खडी फोडायला गेलेले लोक गोळ्या सोडून बसले होते आणि आता एकेक करून परत येत होते, हातापायांच्या नव्या जखमा घेऊन. ती त्यांच्या कानाची पाळी चिमटीत धरायची, रक्त उतरून पाळी पांढरी पडली की पात्यानं बारीक चीर द्यायची, चिरेच्या तळाशी खरवडून आलेला द्रव काचेवर पसरायची. काचेला नंबर. मग शेकणं, रंगवणं, धुणं, आणि भिंगाखाली निळ्या शेतात लाल काड्या, म्हणजे रोगाचे जंतू, शोधणं. काड्या दिसल्या की वहीत लिहायचं. नाही दिसल्या तरी लिहायचं. रोग्याला ती नेहमी एकच वाक्य सांगायची, घाबरू नका, गोळ्या घ्या, हा बरा होणारा रोग आहे. वाक्य खरं होतं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

काचा धुणारा धुळा बादली घेऊन आत आला. तोही इथलाच जुना रोगी, बरा होऊन इथंच राहिलेला. उजव्या हाताची तीन बोटं अर्ध्यावर संपलेली. कुणी नवा माणूस त्याच्या हाताकडे बघत राहिला की तो म्हणायचा, "बोटं म्होरं गेल्यात सर्गात जागा धराय. मी मागनं येतोय." त्या दिवशी त्यानं बादली ठेवली आणि तिच्या हाताकडे बघितलं.

"बाई, ह्यो फोड कवाचा?"

"दिव्याला लागलं."

"कवा?"

"सकाळी असेल."

"मी सकाळपसनं हितंच हाय. तुमी वरडला न्हाईसा." तो खाली बसून काचा पाण्यात सोडायला लागला, एकेक, आवाज न करता. मग म्हणाला, "माजं चुलीपशी झालं. बायकू म्हनली, आवं, कातडं जळल्याचा वास येतोय. मी म्हनलं, तुजी भाकर करपली आसंल."

तिनं पुढची काच उचलली. त्यानंही तो विषय पुन्हा काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून स्पिरिटचा दिवा तिच्या टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवलेला असायचा.

त्या आठवड्यात तिनं खोलीवर दार लावून स्वतःची तपासणी केली. डाव्या कोपराच्या आत, वरच्या अंगाला, चार आण्याच्या नाण्याएवढा एक डाग होता, आजूबाजूच्या कातडीपेक्षा किंचित फिका, कोरडा. तो कधीपासून होता हे सांगता आलं नसतं. कोपराच्या मागची, या रोगात जाड होणारी नस तिनं बोटानं चाचपली. डावीकडची उजवीपेक्षा जाड वाटली, पण तिला ती जाड वाटेल हे आधीच ठरल्यासारखं होतं. मग कापसाची वात वळून डोळे मिटले आणि डागाला लावली, आणि तिथंच तिला थांबावं लागलं. दवाखान्यात रोग्याला डोळे मिटायला सांगतात, कापूस दुसरं माणूस लावतं, आणि कुठं लावला ते रोग्यानं बोटानं दाखवायचं असतं. स्वतःच डोळे मिटून स्वतःला हात लावणाऱ्याला कुठं लावला ते ठाऊक असतंच. कातडीला कळलं की मनाला कळलं, हे वेगळं काढता येत नाही. ही तपासणी एकट्यानं होत नाही, एवढंच तिला त्या दिवशी निश्चित कळलं. तिनं आरशात बघून कानाच्या पाळीला चीर दिली, काच तयार केली, शेकली, आणि रंग न देता दवाखान्यातल्या खणात मागच्या बाजूला ठेवून दिली. त्या काचेला नंबर नव्हता. काड्या दिसल्या नाहीत तरी त्यावरून काही सुटका होत नाही हे तिला माहीत होतं. अशा कोरड्या, एकट्या डागात त्या बहुधा दिसत नाहीतच. तरीही ती काच रंगवायची तिला भीती वाटली. त्या भीतीला तिनं लवकरच दुसरं नाव शोधलं.

नाव शोधणं अवघड गेलं नाही, कारण ते तिला लहानपणापासून पाठ होतं. देवावर सोपवणं. ती वाढली त्या मिशनच्या हॉस्टेलमध्ये सकाळसंध्याकाळ प्रार्थना असायची आणि प्रत्येक प्रार्थनेचा शेवट तिथंच व्हायचा, आम्ही तुझ्यावर सोपवतो. तेल संपलं, सोपवलं. एखादी मुलगी तापानं गेली, सोपवली. ती रोज रात्री गुडघ्यांवर बसून डावा हात उजव्या हातात धरायची आणि सोपवायची. पहिले काही दिवस तिला खरंच हलकं वाटलं. मग वाटेनासं झालं, पण ती गुडघे टेकत राहिली. थकलेला माणूस जिना चढताना पायऱ्या मोजत राहतो तसं. फेब्रुवारी गेला. मार्च गेला. काच खणात होती. प्रार्थनेत ती काय मागत होती हे तिला एकदा नीट बघावंसं वाटलं, तेव्हा दिसलं की ती रोग नसावा असं मागत नव्हती, बरं कर असंही म्हणत नव्हती. मला कळू देऊ नकोस, एवढंच.

हॉस्टेल होतं ते रोग्यांच्या निरोगी मुलांसाठी. बाळ जन्मलं की आईपासून वेगळं करायचं, असा तेव्हाचा नियम होता, आणि त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे तो दयेचाच होता. तिची आई मनुबाई, माण तालुक्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली सून. दिरानं तिच्या पाठीवरचे डाग बघितले आणि ताट वेगळं झालं, मग अंथरूण वेगळं झालं, मग ती मेंढरांच्या वाड्यात निजायला लागली. राहेल पोटात असताना, पाचव्या महिन्यात, ती तिथून चालत निघाली. दहिवडीपर्यंत चालत, पुढं कुणाच्या गाडीतून, पुढं परत चालत. राहेलला हे सगळं आईनं सांगितलं ते पंधरा फुटांवरून. रविवारी उपासना सुटली की मुलांना रोग्यांच्या कॉलनीच्या बाजूला नेत. तिथं जमिनीवर चुन्याची रेघ मारलेली असायची. रेघेच्या एका बाजूला आया उभ्या राहायच्या, दुसऱ्या बाजूला मुलं, आणि मध्ये मास्तरीणबाई. आया ओरडून बोलायच्या कारण सगळ्याजणी एकदमच बोलत. त्यामुळं मायेचं बोलणं म्हणजे ओरडून बोलणं असं राहेलला पुष्कळ दिवस वाटत होतं.

"राही, येणी कुनी घातली गं? वाकडी हाय," आई ओरडायची. तिची स्वतःची बोटं आत वळलेली होती. तिला वेणी घालता आली नसती, रेघ नसती तरी.

एकदा, राहेल चौदा-पंधरा वर्षांची असताना, रेघ पुसट झाली होती आणि मास्तरीणबाई आजारी होत्या. आई जवळ येऊन बसली, हात पदराखाली. राहेलनं विचारलं, घरातून निघालीस तेव्हा कुठं जायचं ठाऊक होतं का, देवावर भरवसा होता का. हॉस्टेलमध्ये त्या वर्षी साक्षी लिहून घेत होते, कुणाच्या आईवडलांना देवानं कसं आणलं, आणि तिची वही कोरी होती.

"कुटला द्येव," आई म्हणाली. "आमचा बिरोबा मला वळखीना, तुमचा मला ठावं न्हवता. इचारलं कुनी तर सांगायचे, बाबा मला म्हारोग झालाय, लांब ऱ्हावा आन वाट सांगा. सांगितलं म्हनून वाट घावली. झाकून आसते तर कुनी कशाला सांगितली आसती."

राहेलनं वहीत लिहिलं, माझ्या आईचा प्रभूवर संपूर्ण भरवसा होता. तिला त्या साक्षीबद्दल बक्षीस मिळालं. आई बासष्ट साली गेली. मातीला नेताना रेघ कुणी मानली नाही.

रणभिसे गुरुजींच्या स्थळाची गोष्ट आदल्या नोव्हेंबरात निघाली होती. साताऱ्याच्या पाळकसाहेबांच्या घरी दोघांना भेटवलं. राहेल तेहतीसची, ते एक्केचाळीसचे; रहिमतपूरला प्राथमिक शाळेत शिक्षक, घरी म्हातारी आई, पहिली बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मूल नाही. त्यांचं नाव लालासाहेब होतं आणि त्या नावाला शोभेल असं त्यांच्यात काहीही नव्हतं. बारीक, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात दोन खडू. तिचा जन्म कुठला हे तिनं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "त्याचं मला काही वाटत नाही." मग बराच वेळ कुणी बोललं नाही आणि दोघांनाही ते बरं वाटलं. मिरजेला परतताना गाडीत तिला वाटलं होतं की या माणसाच्या घरात गप्प बसता येईल. इतक्या वर्षांच्या सामाईक खोल्यांनंतर तिला तेवढंच हवं होतं.

मार्चमध्ये ते मिरजेला आले होते. स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा घेताना त्यांनी स्वतःहून पहिल्या बायकोचं काढलं. त्यांचा आवाज वर्गात फळ्यावर गणित लिहून देताना असावा तसा होता.

"तिचं काळीज लहानपणापासून अधू होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं, बाळंतपण झेपणार नाही. आम्हाला माहीत नव्हतं."

"तिला माहीत होतं?"

"तिला, तिच्या वडलांना, सगळ्यांना. मातीनंतर मी विचारलं. तिचे वडील म्हणाले, आम्ही देवावर भरवसा ठेवून गप्प बसलो." त्यांनी कप बशीत फिरवला. "भला माणूस आहे. अजून रविवारी भजनाला पेटी वाजवतो. मी भांडलो नाही. पण तेव्हापासून मला कुणी भरवसा म्हटलं की जरा... म्हणजे, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका."

तिनं गैरसमज करून घेतला नाही. तिचा डावा हात टेबलाखाली मांडीवर होता. ते त्या क्षणी सांगणं सोपं होतं, इतकं सोपं की पुढं कधीही ते इतकं सोपं होणार नव्हतं. ती म्हणाली, "गाडी साडेपाचची ना तुमची?" ते म्हणाले, हो. ती त्यांना फलाटापर्यंत सोडायला गेली. गाडी सुटल्यावर तिनं मनात त्या पेटी वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला बघितलं. तो भात्यावर डावा हात मारत होता, डोळे मिटून, चेहरा शांत. तोही रोज सोपवत असेल.

लग्न मेच्या सुट्टीत ठरलं. ख्रिस्ती मंडळींत लग्नाआधी तीन रविवार दोघांच्याही चर्चमध्ये त्यांची नावं वाचतात, त्याला सूचना म्हणतात. अमक्याचा अमकीशी विवाह होणार आहे, कुणाला काही हरकत ठाऊक असल्यास त्यानं ती आताच सांगावी. मग पाळकसाहेब थोडं थांबतात. हरकत कधी कुणी घेत नाही. लहान मुलं मागं वळून बघतात, बायका नवरीला कोपरानं डिवचतात, आणि पुढचं गीत सुरू होतं. मिरजेच्या चर्चमध्ये पहिल्या रविवारी ते थांबणं तीन सेकंदांचं होतं. तिनं मोजलं. दुसऱ्या रविवारी चार असेल. त्या चार सेकंदांत तिला दिसलं की प्रश्न सगळ्या चर्चला विचारलेला असला तरी उत्तर ठाऊक असलेलं माणूस बाकावर एकच आहे. आणि मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेला धुळा, ज्याला बहुतेक ठाऊक आहे, तो जमिनीकडं बघतोय. तिला देवाचा राग आला. फार मोठा नाही, दमलेल्या माणसाला येतो तेवढा. मी तुझ्यावर सोपवलं होतं, ती मनात म्हणाली, मग हे माझ्याकडं परत का येतंय.

होणाऱ्या सासूबाईंचा, म्हणजे साळूबाईंचा निरोप आला होता की तिसऱ्या सूचनेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, रहिमतपूरला ये, चुडा भरायचा. नवरीनं हिरवा चुडा माहेरी भरायचा असतो. "तुला म्हायार न्हाई, तर मीच भरते. त्यात काय," असं त्यांनी पत्रात गुरुजींकडून लिहून घेतलं होतं, जसंच्या तसं. ती सकाळच्या पॅसेंजरनं निघाली. ताकारीपर्यंत ऊस, हिरवा आणि गुदमरलेला. मग कऱ्हाड, मसूर, उघडी नांगरलेली रानं. उन्हानं डब्याचा पत्रा तापला होता. समोरच्या बाकावर रजेवर आलेला एक जवान ट्रंकेवर पाय ठेवून झोपला होता आणि प्रत्येक स्टेशनला दचकून विचारत होता, कुठलं आलं. ती त्याला सांगत होती. चार तास ती काहीही ठरवत नव्हती. ठरवणं आणि न ठरवणं यांत आता अंतर उरलं नव्हतं. सोमवारी नसेल तर पुढच्या सोमवारी, लग्नानंतर, गोळ्या चोरून चालू करता येतील, नोकरी तिथलीच, कुणाला कळणार नाही. हा विचार तिला पहिल्यांदा इतका स्वच्छ दिसला. तो वाईट वाटला नाही. नुसता लांबलचक वाटला, वर्षानुवर्षांचा.

घरासमोर मांडव नव्हता, सोप्यात सतरंजी घातली होती. बाळासो कासार पेटी उघडून बसला होता आणि शेजारच्या रंगुबाई आधीच येऊन बसल्या होत्या. साळूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, त्यांच्या तळहाताला ज्वारीच्या पिठाचा वास होता.

"वाळली गं. त्या दवाखान्यात खायाला घालत्यात का नुसतं औषीद?"

"उन्हाचं, आई."

"बस. उजव्या हातात नव, डाव्यात धा. बाळासो, जपून रं. शिकल्याली हाय, हात मऊ आसत्याल."

"शिकल्याल्या बायाच हात आखडून धरत्यात," कासार म्हणाला. "पोरीबाळींचं बरं आसतं. ढिला सोडा ताई. सोडा. ह्यो काय वर्ग न्हाई."

रंगुबाई हसल्या. गुरुजी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले, कासारापुढं ठेवला आणि चौकटीशी उभे राहिले. बायकांच्या कामात थांबावं की जावं हे त्यांना कळत नव्हतं. उजव्या हातात बांगड्या चढल्या. अंगठ्याच्या मुळाशी हाड दाबलं तेव्हा तिनं ओठ आवळले. नऊ झाल्या. मग कासारानं डावा हात हातात घेतला. त्याची बोटं सरावाची होती, बघत नव्हती. तो रंगुबाईंशी कोरेगावच्या बाजारातल्या भावाबद्दल बोलत होता. ती उंबऱ्याकडं बघत होती. उंबऱ्याला कुणी नुकतं शेण सारवलं होतं आणि त्यात चार बोटांचे वळसे उमटले होते, एकसारखे. चार, सहा, सात. आठव्या बांगडीला कासाराचं बोलणं थांबलं.

"आगं बया," साळूबाई म्हणाल्या. "रगात."

तिनं खाली बघितलं. बांगडी वाढली होती, म्हणजे फुटली होती, आणि काचेचा एक तुकडा करंगळीखालच्या मांसात उभा शिरला होता. रक्त मनगटावरून सतरंजीवर उतरलं होतं. तुकडा चांगला खोल होता. तिला तो दिसत होता, आणि तेवढंच.

कासारानं हात सोडला नव्हता. "ताई," तो हळू म्हणाला, "दुखलं न्हाई का? हितं काच लागली तर बापई गडी वरडतोय."

"सोशीक हाय," साळूबाई रंगुबाईंना म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "लय सोशीक. पयली बी गरीब हुती, पर जरा काय लागलं की डोळ्यात पानी. ही बग. द्येवानं बघून दिली बाई मला."

गुरुजी पुढं आले होते. खिशातला रुमाल काढून त्यांनी तिच्या मनगटापुढं धरला होता, पण हात लावावा की नाही हे न कळून तो तसाच धरून ठेवला होता. त्यांच्या बोटांवर खडूची पूड होती, सुट्टी असून. कासारानं आपलं बोट तुकड्याशेजारी दाबलं आणि तिच्या तोंडाकडं बघितलं, मग आणखी जोरानं दाबलं, आणि बघतच राहिला. गेले चार महिने तपासणीसाठी जे दुसरं माणूस तिनं शोधलं नव्हतं ते हेच होतं, समोर बसलेलं, बांगड्या विकणारं. तिला घाबरल्यासारखं झालं नाही. हलकंही वाटलं नाही. देव जवळ आहे असं काही तिला त्या सोप्यात जाणवलं नाही. ऊन होतं, रक्ताचा एक थेंब सतरंजीच्या निळ्या पट्ट्यात जिरत होता, सगळे तिच्याकडे बघत होते, आणि पुढं काय होईल याची तिला काडीचीही कल्पना नव्हती. तिनं रुमाल घेतला आणि हात तसाच उघडा ठेवला.

"आई, मी सोशीक नाही," ती म्हणाली. "मला लागलेलं कळलंच नाही." मग तिनं मान वर करून गुरुजींकडं बघितलं. तिचा आवाज मोठा निघाला, रविवारी पंधरा फुटांवरून बोलावं तसा. "मला महारोग झालाय. जानेवारीपासून मला माहीत आहे आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. परवा सोमवारी मी डॉक्टरांना हात दाखवून गोळ्या सुरू करणार आहे. तुम्ही आत्ता इथल्या पाळकसाहेबांकडं जा, आणि उद्याची सूचना वाचायची की नाही, ते तुम्ही ठरवून त्यांना सांगा."